फ्रीजच्या तक्रारी: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की फ्रीजच्या तक्रारी वाढतात आणि नवतपा (मेच्या शेवटी सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत फोन थांबत नाही. खालचे प्रश्न त्याच फोनवर आणि मेसेजवर पुन्हा पुन्हा आलेले आहेत. माझं मत आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे फ्रीज थंड न होण्यामागे बहुतेक वेळा ऊन, व्होल्टेज, दाराचं रबर नाहीतर मागे साचलेली धूळ असते. फ्रीजच्या नळ्यांत फिरून गारवा देणारा गॅस गळण्याचं प्रमाण त्या मानाने कमी, पण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे गॅसच्याच नावावर जातात. म्हणून बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, प्रश्न १४ वाचाच.

१. लाइट लागतो, पण फ्रीज थंडच करून नाही राहिला. मेकॅनिकला बोलवायच्या आधी काय पाहू?

लाइट लागतो म्हणजे वीज आत येते आहे. आता कॉम्प्रेसर चालतो का ते पाहा. फ्रीजच्या मागे खाली काळा, गोल डबा दिसतो तोच कॉम्प्रेसर. फ्रीजला वरून हात लावला तरी बारीक थरथर जाणवते.

थरथर नसेल तर आधी नॉब पाहा. सामान काढता-ठेवताना किंवा मुलांच्या हाताने तो शून्यावर गेलेला अनेक घरांत सापडतो. डबल डोअर फ्रीज दिवसातून अधूनमधून स्वतःच डीफ्रॉस्ट करतो, म्हणजे साचलेला बर्फ वितळवतो. त्या वेळी कॉम्प्रेसर अर्ध्या तासापर्यंत बंद राहू शकतो, तेव्हा थोडं थांबून पुन्हा पाहा. मागून दर काही मिनिटांनी टक्‌ आवाज येत असेल तर प्रश्न ८ कडे जा.

थरथर असेल आणि तरी गारवा नसेल, तर दार नीट लागतं का, आत हवा फिरायला जागा आहे का, मागची जाळी धुळीने भरली आहे का, हे पाहा. दाराची परीक्षा सोपी आहे. दहाची नोट दारात अर्धी अडकवून दार लावा आणि ओढा. थोडा जोर लागून निघाली तर रबर ठीक. हात लावताच सुटली तर तिथून गरम हवा आत शिरते आहे. चारही बाजूंनी करून पाहा; खालचा कोपरा बहुधा आधी जातो. रबराच्या घड्यांत पीठ, साय, खरकटं साचूनही दार उघडं राहतं. कोमट साबणाच्या पाण्याने पुसलं की अनेकदा तेवढ्यानेच काम होतं.

२. नॉबवर १ ते ७ आकडे आहेत. ते डिग्री आहेत का?

नाही. आकडा मोठा, गारवा जास्त, एवढाच त्याचा अर्थ. डिजिटल पाटीवर मात्र खरंच डिग्री असतात. खालच्या कप्प्यात ४ डिग्रीच्या आसपास आणि फ्रीजरमध्ये उणे १८ असावं. खात्री करायची असेल तर ग्लासभर पाण्यात थर्मामीटर टाकून तो मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडताच वाचा. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही.

३. मे महिन्यात कॉम्प्रेसर थांबतच नाही. बिघडला का?

बहुतेक वेळा नाही. प्रत्येक फ्रीज ठराविक बाहेरच्या तापमानासाठी बनवलेला असतो आणि त्याचा वर्ग आतल्या किंवा मागच्या पट्टीवर छापलेला असतो. ‘एन’ म्हणजे १६ ते ३२ डिग्री, ‘एसटी’ म्हणजे १६ ते ३८ आणि ‘टी’ म्हणजे १६ ते ४३. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, गॅस पेटलेल्या स्वयंपाकघरात दुपारी काय होत असेल ते तुम्हीच जाणता. अशा वेळी ‘टी’ वर्गाचा फ्रीजसुद्धा त्याच्या हद्दीवर काम करत असतो. त्यामुळे दुपारी बारा ते पाच तो सतत चालला तर घाबरू नका. पहाटे चारलाही थांबत नसेल, तर मात्र काहीतरी चुकतं आहे.

त्याचं ओझं कमी करणं आपल्या हातात आहे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापतं आणि आपण त्याच नळाच्या दहा बाटल्या भरून आत ढकलतो. त्याऐवजी माठातलं पाणी भरा. माठ अर्धं काम फुकटात करून देतो. भाजी, दूध, वरण खोलीच्या तापमानाला आलं की लगेच आत ठेवा, पण कूलरच्या मोसमात एका तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. भरपूर रस्सा असेल तर पसरट भांड्यात काढून निववा.

जागाही पाहा. पश्चिमेच्या भिंतीला फ्रीज टेकवलेला असेल तर संध्याकाळी ती भिंतच शेगडी होते. मागे आणि बाजूला चार-चार बोटं जागा सोडा आणि वर कपड्यांची, वर्तमानपत्रांची थप्पी ठेवू नका. मागे जाळी असेल तर होळीआधी आणि पावसाळा संपल्यावर, प्लग काढून, मऊ ब्रशने झाडा.

४. फ्रीजच्या दोन्ही बाजू हाताला चटका देतात. स्फोट तर नाही ना होणार?

नाही. नव्या बऱ्याच फ्रीजमध्ये मागची जाळी नसते. उष्णता बाहेर टाकणारी नळी बाजूच्या पत्र्याच्या आत असते, म्हणून बाजू तापतात. दाराच्या चौकटीभोवतीही अशीच कोमट नळी असते, तिथे दव जमू नये म्हणून. बाजू तापणं म्हणजे आतली उष्णता बाहेर पडते आहे. उलट, कॉम्प्रेसर तासन्‌तास चालूनही बाजू गारच राहिल्या तर काळजी करा आणि प्रश्न १४ वाचा.

५. सिंगल डोअरच्या फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर झाला. सुरीने काढू का?

कधीच नाही. ती बर्फाची पेटी ॲल्युमिनियमची असते आणि गॅसची नळी तिच्या पत्र्यातच दाबलेली असते. सुरीचं टोक, उलथनं, पेचकस, काहीही लागलं की सुईएवढं भोक पडतं, बारीक फस्स आवाज येतो आणि पूर्ण गॅस जातो. ही पेटी जोडून सहसा टिकत नाही, बदलावी लागते. खरोखर गॅस गेलेल्या ज्या सिंगल डोअर फ्रीजला मी हात लावतो, त्यांत सुरीचा ओरखडा आधी शोधतो.

नॉबच्या मध्यभागी डीफ्रॉस्टचं बटन असतं, ते रात्री दाबा. सकाळपर्यंत बर्फ विरघळतो, बटन आपोआप वर येतं आणि फ्रीज सुरू होतो. घाई असेल तर प्लग काढून दार उघडं ठेवा आणि आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा. बर्फाचा थर बोटाच्या पेरापर्यंत चढू देऊ नका. जाड बर्फामुळे गारवा उलट अडतो.

आठवड्याभरात पुन्हा डोंगर झाला तर दमट हवा शिरते आहे. दाराची परीक्षा प्रश्न १ मध्ये आहे. आणि कूलरचा झोत थेट फ्रीजच्या दारावर येतो का, तेही पाहा. कूलरची हवा पाण्याने भरलेली असते. दर वेळी दार उघडलं की ती आत जाते आणि बर्फ होऊन बसते.

६. डबल डोअर आहे. वर बर्फ पक्का, खाली दूध नासतं. असं कसं?

या तक्रारीवर विनाकारण गॅस भरलेले फ्रीज मी सर्वांत जास्त पाहतो, म्हणून सविस्तर सांगतो. डबल डोअरमध्ये थंडावा एकाच ठिकाणी तयार होतो, फ्रीजरच्या मागच्या पडद्याआड. तिथला पंखा ती हवा एका बोगद्यातून खाली ढकलतो. वर बर्फ जमतो आहे म्हणजे गॅस आणि कॉम्प्रेसर आपलं काम करत आहेत. खाली हवा पोचत नाही, एवढीच अडचण.

ती चार कारणांनी अडते. एक, फ्रीजर किंवा खालच्या भागातला सर्वांत वरचा कप्पा इतका भरलेला की हवेची जाळीच झाकली गेली. उन्हाळ्यात आमरसाचे डबे आणि कैरीच्या फोडींच्या पिशव्या नेमक्या त्या जाळीला चिकटून असतात. दोन, पंखा बंद पडला. फ्रीजरचं दार उघडल्यावर त्याचं बटन बोटाने दाबून धरलं तर पंख्याचा सूं आवाज यायला हवा. काही मॉडेलमध्ये तो उशिरा येतो, म्हणून मिनिटभर दाबून ठेवा. तीन, हवा सोडणारी झडप अडकली. चार, आणि हेच जास्त दिसतं, डीफ्रॉस्टचा हीटर, बायमेटल (तापमानानुसार हीटर चालू-बंद करणारा स्विच), सेन्सर किंवा टायमर गेला. मग पडद्याआड बर्फ साचत जातो आणि पंख्याची वाटच बंद होते.

चौथं कारण घरी तपासता येतं. सामान शेजाऱ्यांकडे ठेवा, प्लग काढा, दोन्ही दारं चोवीस तास उघडी ठेवा, खाली टॉवेल अंथरा. सुरू केल्यावर फ्रीज आठवडा-दहा दिवस झकास चालला आणि पुन्हा तेच झालं, तर डीफ्रॉस्टचा भाग गेला आहे. मेकॅनिकला हेच सांगा. त्याचाही वेळ वाचेल, तुमचेही पैसे.

७. भाजीच्या डब्याखाली पाणी साचतं. कधी फरशीवरही येतं.

आत साचत असेल तर मागच्या भिंतीतलं निचऱ्याचं छिद्र तुंबलेलं आहे. मेथीचं पान, सांबाराची (कोथिंबिरीची) काडी, दुधाची साय, असंच काही तिथे बसतं. प्लग काढून कोमट पाणी सिरिंजने हळूच सोडा. मऊ प्लास्टिकची नळी चालेल, तार खुपसू नका. फरशीवर येत असेल तर निचऱ्याचं पाणी जिथे जमतं ती मागची तबकडी सरकली, तडकली किंवा भरली आहे. सिंगल डोअरला तर पाणी मागच्या तबकडीत न जाता बर्फाच्या पेटीखालच्या ट्रेमध्येच साचू शकतं, तो रिकामा केला का तेही पाहा.

जुलै-ऑगस्टमध्ये फ्रीजच्या बाहेरून घाम येतो, त्याचं पाणी वेगळं. हवा दमट असली की दाराच्या कडेला दव धरतं. पुसत राहा. पट्टीजवळ ‘एनर्जी सेव्हर’ असं बटन असेल तर पावसाळ्यात ते बंद ठेवा. एकाच कोपऱ्यात घाम येत असेल तर तिथलं रबर गेलं आहे.

८. मागून घुंऽ करतो, टक्‌ वाजतं आणि बंद. पाच मिनिटांनी परत तेच.

कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो आहे, होत नाही आणि ओव्हरलोड (जास्त करंट ओढला की वीज तोडणारा छोटा भाग) त्याला तोडतो. ताबडतोब प्लग काढा. असाच रात्रभर टकटकत राहिला तर आतली तार जळते आणि थोडक्या पैशांचं काम हजारांवर जातं.

मग व्होल्टेज पाहा. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळी वस्ती कूलर-एसी लावून बसली की काही भागांत व्होल्टेज १८० च्या खाली येतं. घरातले पंखे मंदावले, ट्यूबलाइट लुकलुकते, ही त्याची खूण. सकाळी व्होल्टेज सुधारल्यावर फ्रीज सहज सुरू झाला तर फ्रीजचा दोष नाही. महावितरणला १९१२ वर तक्रार नोंदवा, शेजाऱ्यांनाही नोंदवायला लावा. व्होल्टेज ठीक असूनही टकटक होत असेल तर रिले, ओव्हरलोड किंवा कपॅसिटर बदलून पाहावा, तो स्वस्त भाग आहे. त्यानंतरही सुरू झाला नाही तरच कॉम्प्रेसरवर बोट ठेवावं.

फ्रीज आणि कूलर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर असतील तर आजच वेगळे करा. प्लगची पिन तपकिरी पडली असेल, बोर्डाला जळका वास असेल, तर तिथेच व्होल्टेज खाल्लं जातं आहे. आगही तिथूनच लागते.

९. कंपनी म्हणते स्टॅबिलायझर लागत नाही. घ्यावा का?

पट्टीवर किंवा माहितीपुस्तकात व्होल्टेजची हद्द छापलेली असते. तुमच्या घरचं व्होल्टेज त्या हद्दीत राहत असेल तर गरज नाही. इन्व्हर्टर (वेग कमी-जास्त करणाऱ्या) कॉम्प्रेसरची हद्द बरीच मोठी असते. जुन्या साध्या कॉम्प्रेसरला मात्र मी स्टॅबिलायझर लावायलाच सांगतो, शक्यतो वीज आल्यावर तीन-एक मिनिटं थांबून फ्रीज सुरू करणारा. वीज गेली आणि लगेच आली की आतला दाब उतरलेला नसतो, त्यावर कॉम्प्रेसर अडतो. स्टॅबिलायझर नसेल तर वीज गेल्यावर प्लग काढा आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावा. अचानक सगळे दिवे प्रखर झाले तर न्यूट्रल तुटलेला असू शकतो. तेव्हा फ्रीज, टीव्ही, सगळ्याचे प्लग काढा.

१०. वादळात रात्रभर वीज गेली. आतलं काय ठेवू, काय फेकू?

दार न उघडल्यास खालचा कप्पा साधारण चार तास गार राहतो. गच्च भरलेला फ्रीजर त्याहून बराच जास्त टिकतो, पण आपल्या मे महिन्यात पुस्तकातल्या आकड्यावर विसंबू नका. शिजवलेलं अन्न, मटण, चिकन, दूध, पनीर दोन तासांवर कोमट राहिलं असेल तर टाकून द्या. वास आला नाही म्हणून ते चांगलं, असं नसतं. लोणचं, मुरंबा, सुकी चटणी, लोणी, सबंध फळं टिकतात. फ्रीजरमधल्या मांसात अजून बर्फाचे कण असतील तर परत गोठवता येतं. फ्रीजरच्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. एप्रिलपासून ही सवय लावाच.

११. हात लावला की झिणझिण्या येतात.

प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, फ्रीजच्या मेकॅनिकला नंतर. बहुतेक वेळा घराला अर्थिंगच नसतं किंवा तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापलेली असते. पायाखाली लाकडी पाट ठेवणं हा उपाय नाही. कूलरच्या पाण्याने ओली फरशी आणि अनवाणी लहान मूल, एवढं पुरेसं होतं. मीटरजवळ ३० मिलीॲम्पिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावून घ्या.

आता याचीच एक आडवळणाची बाजू. आरसीसीबी लावल्यावर फ्रीज दर काही तासांनी ते पाडतो, मधल्या वेळात ठीक चालतो. डबल डोअरमध्ये हे डीफ्रॉस्टच्या हीटरमुळे होतं, कारण तो तेवढाच वेळ चालू असतो. पडण्याच्या वेळा कागदावर लिहून मेकॅनिकला दाखवा.

१२. घासून पुसून घेतला तरी वास जात नाही.

सावजीचा रस्सा किंवा कापलेला कांदा उघडा राहिला असेल तर वाटीत खाण्याचा सोडा ठेवून दोन दिवस थांबा. तरी गेला नाही तर वास आतून नाही, मागच्या तबकडीतून येतो आहे. तिथे पाणी, धूळ, कधी मेलेली पाल असते. ही तबकडी पावसाळ्यात दर आठवड्याला रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवा डास उडतो. कूलरची टाकी लोक आठवणीने कोरडी करतात, ही तबकडी विसरतात.

१३. सांबार काळा पडतो, काकडी गोठते. संत्री कुठे ठेवू?

सिंगल डोअरमध्ये बर्फाच्या पेटीखाली आणि मागच्या भिंतीला चिकटून गारवा सर्वांत जास्त असतो. पालेभाजी तिथे ठेवू नका. सांबार निवडून, कोरडा करून, कागदात गुंडाळून भाजीच्या डब्यात ठेवा. संत्र्यालाही फार गारवा मानवत नाही, सालीवर खड्डे पडतात. कळमन्याच्या बाजारातून पेटी आणली तर आठवड्यात संपणारी बाहेर जाळीच्या टोपलीत आणि उरलेली भाजीच्या डब्यात, कोरडी ठेवा. सगळंच गोठत असेल तर नॉब कमी करा. तरीही गोठलं तर थर्मोस्टॅट किंवा सेन्सर गेला आहे.

१४. मेकॅनिक म्हणतो गॅस संपला, भरावा लागेल. खरं असेल का?

फ्रीजचा गॅस वापरून संपत नाही. नळ्यांची साखळी पूर्ण बंद असते आणि तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळला. म्हणून ‘दोन वर्षांनी गॅस टाकावाच लागतो’ असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून काम करवून घेऊ नका.

गॅस गेल्याच्या खुणा अशा: कॉम्प्रेसर न थांबता चालतो, बाजू किंवा मागची जाळी गारच राहते, आणि बर्फाच्या पेटीवर मुळीच दव धरत नाही किंवा फक्त एका कोपऱ्यात पातळ थर येतो. नळी आतून तुंबली तरी जवळपास अशाच खुणा दिसतात. या नसतील तर आधी प्रश्न १, ६ आणि ८ संपवा.

खुणा असतील तर मेकॅनिकला शांतपणे चार गोष्टी विचारा. गळती कुठे आहे, मला दाखवणार का? फिल्टर-ड्रायर (नळ्यांतला ओलावा शोषणारा भाग) नवीन टाकणार का? नळ्यांतली हवा काढायचा व्हॅक्यूम पंप आणला आहे का? गॅस वजन करून भरणार का? पट्टीवर गॅसचं नाव आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतात. नव्या फ्रीजमध्ये बहुधा आर-६००ए असतो, तो थोडाच लागतो, आणि थोड्या ग्रॅमचा फरकही फ्रीज बिघडवतो. अंदाजाने सोडलेला गॅस हे अर्धवट काम आहे. गळती न शोधता भरलेला गॅस काही दिवसांत परत जातो आणि पैसेही.

आर-६००ए ज्वलनशील असतो. तो भरताना खिडक्या उघड्या, गॅसची शेगडी आणि देवघरातला दिवा बंद. त्या फ्रीजमध्ये आर-१३४ए भरून ‘चालतंय बघा’ म्हणणाऱ्याला थांबवा. कॉम्प्रेसर त्या गॅससाठी बनलेला नसतो.

१५. डिसेंबरात उलटंच होतं, खाली गार पण बर्फ जमत नाही.

फ्रीज गॅलरीत किंवा उघड्या पडवीत आहे का? एकच थर्मोस्टॅट असलेल्या डबल डोअरमध्ये तो खालचा गारवा मोजतो. पहाटे बाहेर दहा डिग्री असली की खालचा कप्पा आपोआप गार राहतो, कॉम्प्रेसर सुरूच होत नाही आणि वरचा बर्फ सुटतो. प्रश्न ३ मधला १६ डिग्रीचा खालचा आकडा यासाठीच आहे. फ्रीज घरात घ्या, बर्फ जमेल.

१६. वॉरंटी आहे, तरी कंपनी पैसे मागते.

‘कॉम्प्रेसरवर १० वर्षं’ याचा अर्थ बहुधा फक्त कॉम्प्रेसर. गॅस, मजुरी, येण्याजाण्याचा खर्च वेगळा असू शकतो. कार्ड वाचा, तक्रारीचा क्रमांक लेखी घ्या, बदललेला जुना भाग पाहायला मागा. तरी टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

१७. घर बदलताना फ्रीज आडवा नेला. लगेच लावू का?

उभा करा आणि थांबा. आडवा झाला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं, ते परत उतरायला वेळ लागतो. थोडाच वेळ आडवा होता तर चार-पाच तास, गावाहून लांबचा प्रवास झाला असेल तर रात्रभर. पुढच्या वेळी उभाच न्या, कप्पे आणि काच वेगळी बांधा, दाराला दोरी लावा. नव्या घरी प्लग लावण्याआधी तिथलं व्होल्टेज आणि अर्थिंग तपासून घ्या (प्रश्न ८ आणि ११).